इंदूताईंनी मळलेला पुश्ता

इंदूताई टिपणीसांना घरी जेवायला बोलवायचं तर आधी कुंड्या गच्चीत नेऊन ठेवाव्या लागत. बाई दारातून आत आल्या, की 'कशी आहेस नीला' विचारायच्या आत त्यांची दोन बोटं माझ्या तुळशीच्या मातीत गेलेली असत. चिमूटभर माती घ्यायची, नळाच्या थेंबानं भिजवायची, तळहातावर शेवई वळावी तशी वळायची आणि ती तुटली की माझ्याकडे असं बघायचं, जणू मीच कुठल्या तरी परीक्षेत नापास झाले. "अगं, हा नुसता पोयटा आहे. दिसतो चिकणमातीसारखा, पण पाणी आलं की पहिला पळणारा हाच." मी म्हणायची, "इंदूताई, तुळस जगलीये ना?" तर म्हणायच्या, "तुळस बिचारी कुठंही जगते," आणि हात न धुता चकलीच्या डब्याकडे वळायच्या.

मी फटकळ आहे, हे आमच्या अख्ख्या सोसायटीला माहीत आहे. म्हणून आधीच सांगते, की मला या बाई पहिली काही वर्षं मुळीच आवडत नव्हत्या. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला आम्ही वरच्या क्वार्टरमध्ये आणि त्या खालच्या. त्यांच्या खिडकीत फुलझाडांऐवजी मातीची ढेकळं वाळत पडलेली असायची. बिहारचं ढेकूळ, हरियाणाचं ढेकूळ, कुठून कुठून आलेली. माझे यजमान श्रीरंग अर्थ मंत्रालयात होते. फायलीवरची धूळ झटकणं एवढाच त्यांचा मातीशी संबंध. पण तेही म्हणायचे, "इंदूताईंकडे चहा प्यायचा तर कपाच्या तळाशी बघून घ्यावं."

बाई मूळच्या महाडच्या. सावित्रीचा पूर हा तिथं दर वर्षीचा पाहुणा. भिंतीवरच्या त्याच्या खुणा बघत त्या वाढल्या. केमिस्ट्रीत बी.एस्सी. झाल्या आणि साठीच्या दशकात, मुलीनं एकटीनं पुण्याला जायचं म्हटलं तरी भुवया वर जायच्या त्या काळात, थेट दिल्लीला सरकारी माती प्रयोगशाळेत लागल्या. थोरले भाऊ हरिदास आधीच दिल्लीत होते, तार खात्यात. वहिनी लवकर गेल्या, मूलबाळ नाही. इंदूताईंचं लग्न राहूनच गेलं. का राहिलं, ते मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "फिल्डवर होते गं." मग भावा-बहिणीचाच संसार झाला आणि तसा तो चांगला झाला. दादा पोळ्या करायचे, या भाजी जाळायच्या.

मला त्या आवडायला लागल्या त्याला कारण एक दुपार. पाऊस लागला होता. मी डबा परत करायला खाली गेले, तर बाई काचेच्या ग्लासातल्या पाण्यात एक ढेकूळ सोडून त्याच्यासमोर बसलेल्या. टक लावून. मी म्हटलं, हे काय चाललंय? तेव्हा त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, आणि मला वाटतं, दादांखेरीज ती ऐकलेली मी एकटीच असेन.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्याकडे एका कालव्याच्या बांधाची माती तपासायला आली होती. दगडासारखी टणक, भरपूर चिकण. इंदूताईंनी नियमाप्रमाणे सगळ्या तपासण्या केल्या आणि माती उत्तम म्हणून सांगितलं. बांध झाला. पहिलं पाणी सोडलं आणि तो आतून साखरेसारखा विरघळत गेला. माणूस गेलं नाही, पण गुरं गेली, एका गावाचं उभं पीक गेलं. "त्या मातीत खार होता, नीला. चिकणमातीचे कण एकमेकांना धरून बसतात, म्हणून पाण्याला एकेक कण उचलता येत नाही. वाळूचं तसं नाही, वाळूचा प्रत्येक कण एकटा. पण काही चिकणमाती अशी असते, की साधं पाणी लागलं तरी कण आपण होऊन हात सोडतात. वाळलेली असताना मात्र सगळ्यांत कठीण तीच. आम्ही प्रयोगशाळेत कण सुटे करायला मुद्दाम औषध घालायचो, त्यामुळे सगळ्याच माती सुट्या व्हायच्या. औषधाशिवाय कोण सुटतं, हे बघायचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं." कुणी त्यांना बोल लावला नाही. वरिष्ठ म्हणाले, नियमात होतं तेवढं तू केलंस. पण त्या दिवसापासून बाईंनी कुठल्याही मातीला ग्लासात घातल्याशिवाय चांगलं म्हटलं नाही. आणि घातल्यावरही पुष्कळदा म्हटलं नाही.

नव्वदच्या पुढे दिल्लीला पाय फुटले. जिकडे बघावं तिकडे शेतं विकली जात होती, गहू जाऊन सळया उगवत होत्या. सरकारी क्वार्टर निवृत्तीनंतर सोडावं लागतं, ही आम्हा सगळ्यांच्या डोक्यावरची टांगती तलवार. मग चार मराठी टाळकी एकत्र आली आणि यमुनेपलीकडे आमची सहकारी सोसायटी उभी राहिली. श्रीरंग सेक्रेटरी झाले. घरी भाजीची पिशवी न उचलणारा माणूस सिमेंटच्या गोण्यांविषयी बोलायला लागला.

आमच्या इमारतींच्या मागे एक जोहड, म्हणजे गावाचं जुनं तळं, त्यापलीकडे नाला, आणि तळं व सोसायटी यांच्या मधोमध एक पुश्ता. दिल्लीत बांधाला पुश्ता म्हणतात. आजूबाजूच्या गावकऱ्यांनी फार पूर्वी घातलेला, पोटात रेताड, पण वरून चिकणमातीचा जाड थर आणि त्यावर दूर्वांची दाट गादी. जमना, म्हणजे यमुना, चढली की नाला उलटा वाहतो, पाणी जोहडात शिरतं आणि पुश्त्याला येऊन टेकतं. इंदूताई फ्लॅट बघायला आल्या त्या फ्लॅट न बघता तासभर पुश्त्यावर फिरल्या. मग म्हणाल्या, "तळमजला द्या." दुसरा इलाजही नव्हता. दादांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता, डावी बाजू गेलेली, बोलणं जड झालेलं. लिफ्टच्या जागी बिल्डरनं अजून नुसता खड्डा ठेवला होता आणि त्यात बेडूक नांदत होते.

पंचाण्णव सालचा भाद्रपद आला. सोसायटीचा पहिला गणपती. इतकी वर्षं आम्ही लक्ष्मीबाई नगरहून ट्रकनं जमनेवर विसर्जनाला जायचो आणि गेल्या खेपेला ट्रॅफिकमध्ये ट्रकनं असा गचका दिला, की बाप्पाचा हातच निखळला. विसर्जनाआधी मूर्ती भंगली म्हणून बायका रडल्या, श्रीरंगना दोन दिवस जेवण गेलं नाही. या वर्षी पेणहून शाडूची मूर्ती आणली होती, रेल्वेत मांडीवर घेऊन. ठरलं, की विसर्जन मागच्या जोहडातच करायचं. हातगाडी सजवायची, पुढे लेझीम, आणि बाप्पाला जराही कलू न देता सरळ पाण्यापर्यंत न्यायचं. मध्ये पुश्ता येत होता. तर आमच्या सेक्रेटरीसाहेबांनी बिल्डरच्या सुपरवायझरला, नेगीला, सांगून त्यातून हातगाडी जाईल एवढी वाट कापून घेतली. वर दोन्ही बाजूंना चुन्याची रांगोळी ओढली. आम्ही सगळ्या बायकांनी कौतुक केलं, मीसुद्धा.

इंदूताई तेव्हा दादांना घेऊन डॉक्टरकडे गेल्या होत्या. संध्याकाळी परत आल्या आणि त्यांनी ती वाट पाहिली. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

"श्रीरंग! बांध कापलास?"

"इंदूताई, कापला काय, जरा रस्ता केलाय. विसर्जन झालं की परत भरू, बिल्कुल पहिल्यासारखा."

"आणि जमना तोवर थांबणार आहे? तुझ्या मंत्रालयातली फाईल आहे ती?"

"अहो, पण एवढ्याशा वाटेनं..."

"एवढीशी वाटच पुरते. वरची साल काढलीस, आत सगळी रेती आहे. पाणी आलं की तुझ्या या वाटेची नदी होईल."

श्रीरंगना चारचौघांत कुणी बोललेलं चालत नाही. ते म्हणाले, "ताई, तुम्ही रिटायर झालात. आता मातीचा ताप थोडा कमी करा." मला त्यांचा असा राग आला, की त्या रात्री मी त्यांना नुसतं वरण वाढलं.

पण बातम्यांनी माझं काम केलं. दुसऱ्याच दिवशी रेडिओवर आलं, की पहाडात जोराचा पाऊस आहे आणि ताजेवालाच्या बंधाऱ्यातून जमनेत पाणी सोडताहेत. तिथलं पाणी दिल्लीला पोचायला दोनतीन दिवस लागतात आणि पाऊस तर थांबायचं नाव घेईना. श्रीरंगांचा चेहरा उतरला. त्यांनी नेगीला पिटाळलं आणि नेगीनं तासाभरात ती वाट भरूनही टाकली. बदरपूर, म्हणजे इकडची ती लालसर जाडी रेती, आणि त्यात बांधकामाचा मलबा. "लीजिए साहब, हो गया." वरून फावड्यानं दोन फटके मारले.

इंदूताईंनी त्यात हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला. त्यांनी बादलीभर पाणी आणून वर ओतलं. भरावाच्या मधोमध घळ पडली आणि रेती पायाशी येऊन साचली. नेगीनं टोपी काढून डोकं खाजवलं. मग तोच म्हणाला, की पलीकडच्या ऊसर, म्हणजे नापीक, जमिनीवर पांढरी माती आहे, "मॅडम, इतनी सख़्त कि गैंती नहीं घुसती. वही ले आऊँ?"

हे सगळ्यांना पटलं. कुदळ घुसत नाही अशी माती, आणखी काय पाहिजे? आणि जवळ, कोरडी, भराभर आणता येण्यासारखी. इंदूताई म्हणाल्या, "आधी ग्लास आणा." गणपतीच्या मांडवातच सगळे जमले होते, आरती नुकतीच झाली होती. प्रसादाच्या टेबलावर त्यांनी दोन ग्लास ठेवले. एकात पांढऱ्या मातीचं ढेकूळ, दुसऱ्यात जोहडाच्या तळातल्या काळ्या, वास मारणाऱ्या गाळाची वाळवलेली गोळी. आणि मग त्या बाजूला झाल्या. पांढऱ्या ढेकळाभोवती आधी धुराची एक रेघ निघाली. मग पाणी दुधाळ झालं, ढग वर वर चढला, आणि मोदक संपायच्या आत ढेकूळ नाहीसंच झालं. काळी गोळी तळाशी तशीच बसून होती, वरचं पाणी नितळ. माझी तनया तेव्हा आठवीत, ती म्हणाली, "मम्मी, कीचडवालीच स्ट्राँग निघाली!" एरवी मी तिला 'चिखल म्हण' म्हणून टोकलं असतं.

म्हणजे आता जोहडातला गाळ उपसायचा. नेगीच्या माणसांनी ढीग घातला. माती चांगली मिळाली, पाणी चढत होतं, पण बाई काही भरायला परवानगी देईनात. "फार ओली आहे. दाबली तर नुसती पसरेल, घट्ट होणार नाही." ताडपत्रीखाली पातळ थर पसरून ठेवायला लावला. पाऊस थांबला की उघडायचं, आला की झाकायचं. अख्खा दिवस गेला. सोसायटीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, बाईंना मातीचं वेड आहे, त्यापायी आपण बुडणार. कुणी श्रीरंगना सांगून गेलं, की तुम्ही सेक्रेटरी आहात, भरून घ्या. आणि इंदूताई दर थोड्या वेळानं मूठभर माती दाबून बघायच्या, नकारार्थी मान हलवायच्या.

शेवटी मीच गेले आणि मूठभर माती हातात घेतली. मला बाईंच्या शास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, पण उकड मला कळते. मी म्हटलं, "इंदूताई, मोदकाच्या उकडीसारखी हवी ना? हाताला चिकटता कामा नये आणि पारीला चीरही पडता कामा नये?" बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, हेच तर मी आयुष्यभर इंग्रजीत सांगत होते!" मग काय, त्यांनी आम्हा सगळ्या बायकांना मातीवर बसवलं. जिथं चिकटत होती तिथं थोडी कोरडी मिसळायची, जिथं चीर पडत होती तिथं पाण्याचा हबका. मोठे गोळे फोडायचे. साडी खोचून चिखलात बसलेल्या मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांच्या बायका बघून गावातले म्हातारे पुश्त्यावर हसत उभे राहिले.

मध्ये नेगीच्या माणसांनी रेती काढून टाकली आणि कापलेल्या बाजूंना पायऱ्या पाडल्या, म्हणजे नवी माती जुनीला नुसती टेकू नये, तिच्यात अडकावी. मग हातभर नाही, वीतभर थर. तो तुडवायचा. मग पुढचा. रोलर कुठून आणणार? इंदूताईंनी मांडवाकडे बघितलं. तिथं लेझीम पथक तालीम करत होतं.

आमचं लेझीम पथक म्हणजे काय विचारता! निवृत्तीला टेकलेले कारकून, यूपीएससीची परीक्षा द्यायला मराठवाड्यातून आलेली आणि आमच्या मोकळ्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहणारी काही पोरं, आणि त्यांत श्रीरंग. इंदूताईंनी सगळ्यांचे बूट काढायला लावले आणि पुश्त्याच्या त्या फटीत उतरवलं. "नाचा. पण तळव्यानं नाही. टाचा मारा, टाचा!" ढोल वर उभा, खाली हे. थर टाकला की नाच, नाच झाला की थर. तुडवलेल्या मातीत टाच उमटायची बंद झाली, की बाई 'पुढचा' म्हणायच्या. श्रीरंगांच्या गुडघ्यांनी त्यांना नंतर महिनाभर शिव्या घातल्या, पण त्या दिवशी ते सगळ्यांत पुढे होते. आपण केलेली चूक माणूस टाचेनं तुडवत होता, आणि ते बघून मला फार बरं वाटलं.

उतारावर दूर्वांची ढेकळं थापून झाली तेव्हा जोहडाचं पाणी पुश्त्याच्या पायाला लागलं होतं.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी दुपारी नाला, जोहड आणि पलीकडची शेतं एकच झाली. वाऱ्यानं लाटा उठायच्या आणि पुश्त्यावर आपटायच्या. जुन्या भागात एके ठिकाणी दूर्वा नव्हत्या, तिथली माती थोडी खरवडली गेली. नव्या भरावावर लाट यायची आणि जशी यायची तशी परत जायची. आम्ही टाळ्या वाजवल्या. इंदूताई मात्र पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्या तडक घरी गेल्या. मी मागोमाग.

दादा कॉटवर उशीला टेकून बसले होते. इंदूताई म्हणाल्या, "दादा, वर चल. नीलाकडे दुसऱ्या मजल्यावर. पोरं खुर्चीवरून नेतील."

दादा एकेक शब्द ओढत बोलायचे. "का?"

"पाणी टेकलंय."

"माती... चांगली आहे ना?"

"आहे."

"पाण्यात घालून पाहिलीस?"

"पाहिली."

"विरघळली?"

"नाही."

"मग मी... कशाला... विरघळतोय?" आणि उजव्या बाजूनं हसले.

इंदूताईंना हसू आलं नाही. त्या त्यांच्या पायाशी बसल्या आणि एकदम बोलायला लागल्या, मी तिथं आहे हे विसरूनच. "ग्लासातली गोळी निराळी आणि बांध निराळा रे. कुठं एक थर नीट बसला नसेल, कुठं रेती राहून गेली असेल. मी चांगली म्हटलेली माती मागेही एकदा वाहून गेलीय. मला खात्री देता येत नाही, दादा. मला नाही देता येत." साठी उलटलेली ती बाई लहान मुलीसारखी रडत होती.

दादा म्हणाले, "इंदू, तुझी चूक... मी इतकी वर्षं... तुझ्या चेहऱ्यावर बघतोय. आता तुझं बरोबर आलेलं... मला बघू दे. मी इथंच."

हे काही शहाणपणाचं नव्हतं, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणेन. म्हणून श्रीरंगनी न सांगता जिन्याखाली खुर्ची, दोरखंड आणि चार पोरं तयार ठेवली. दादा हट्टी होते, पण आम्ही काही मूर्ख नव्हतो.

सकाळी नेगी ओरडत आला. पुश्त्याच्या आमच्या बाजूला, नव्या भरावाच्या अगदी पायथ्याशी, पाणी पाझरत होतं. बारीक धार. आम्ही सगळे धावलो. नेगीनं रेतीची पोती आणवली होती, त्या धारेवर टाकून ती दाबायला. कुणीतरी जिन्यातल्या पोरांना हाक मारली, दादांना उचला म्हणून.

"थांबा!" इंदूताईंनी नेगीचा हात धरला. "रुको. पहले देखने दो." त्या खाली गुडघ्यावर बसल्या. धारेखाली ओंजळ धरली. पाणी भरायला वेळ लागला. बांधातून पाणी पाझरतंच, कुठलाही बांध थोडा पाझरतो, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. प्रश्न एवढाच, की पाणी एकटं येतंय की माती घेऊन येतंय. गढूळ आलं, तर आतून बांध पोखरला जातोय आणि मग पळायला तासही मिळत नाही.

त्यांनी ओंजळ उजेडात धरली. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. पाण्यातून त्यांच्या तळहाताच्या रेषा दिसत होत्या. भाग्यरेषा, आयुष्यरेषा, सगळ्या.

"नितळ आहे," त्या म्हणाल्या. कुणाला ऐकू गेलं नाही. मग त्या मोठ्यानं म्हणाल्या, "श्रीरंग, नितळ आहे रे! माती नाही आली त्याच्याबरोबर!"

पोती टाकायची नाहीत, पाण्याला वाट करून द्यायची आणि एकानं तिथं बसून रंग बघत राहायचा, असं त्यांनी सांगितलं. पण त्या स्वतःच बसल्या. परत ओंजळ, परत नितळ. दुपारी पलीकडच्या बाभळीच्या खोडावर ओल्या पट्ट्याची रेघ दिसायला लागली, पाण्याच्या वर. आधी बोटभर, मग चार बोटं. जमना उतरायला लागली होती. गावातल्या म्हाताऱ्यांनी ती रेघ बघितली आणि बिड्या पेटवल्या. श्रीरंग तिथंच चिखलात बसले आणि म्हणाले, "नीला, चहा कर गं सगळ्यांना," आणि मी ज्या माणसाला त्या आठवड्यात मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं होतं, त्याच्यासाठी मी चहात भरपूर आलं घातलं.

इंदूताई घरी गेल्या. मी चहा घेऊन गेले तेव्हा दादांना सांगून झालं होतं. दादांचा उजवा हात इंदूताईंच्या डोक्यावर होता. "मग झोप... आता," ते म्हणाले. कॉटशेजारी जमिनीवर चटई होती, तिच्यावर बाई चिखलाच्या पायांनीच आडव्या झाल्या. मी चहाचा कप खाली ठेवेपर्यंत त्यांना झोप लागलेली होती.

बाप्पाचं विसर्जन संध्याकाळी बांधकामाच्या पाण्याच्या हौदात करायचं ठरलं. जोहडाकडे जायची कुणाची छाती नव्हती. हातगाडी निघाली, ढोल वाजायला लागला, लेझमी खळखळल्या, आणि मिरवणूक टिपणीसांच्या खिडकीशी आली तर आत दादा उजवा हात हलवत होते. चूप, चूप. मी आत गेले. मला वाटलं, त्यांना त्रास होतोय.

"तिला झोपू दे, नीला," दादा म्हणाले. आज त्यांचे शब्द नेहमीपेक्षा सुटे येत होते. "तो बांध गेला तेव्हापासून... पावसाळ्यात ती कधी झोपलेली नाही. पाऊस लागला की उठते, खिडकीशी बसते. मी पलीकडच्या खोलीत... ऐकत पडायचो. इतकी वर्षं." त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला त्यांना सुचत नव्हतं.

मी खिडकीतून श्रीरंगना खूण केली. ढोल थांबला. पथकानं लेझमी छातीशी घट्ट धरल्या, म्हणजे एकही चकती वाजू नये, आणि सगळे अनवाणी, हळूहळू, खिडकीखालून पुढे गेले. बाहेर पाऊस परत सुरू झाला होता, चांगला जोराचा. इंदूताईंनी कूससुद्धा बदलली नाही.